पोस्टडॉकच्या जाहिरातीत महिने किती उरलेत तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे आपल्या वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, त्यांचं म्हणणं असं की पीएचडी झालेली ही पोरं-पोरी सीएचबीच्या, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळणाऱ्या कंत्राटी शिकवण्यावर कुढत का बसतात, विद्यापीठांच्या वेबसाइटवर पोस्टडॉकच्या जागा बाराही महिने निघत असतात, पैसेही बरे मिळतात, जरा नाशिकच्या बाहेर पडा की. काकांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कळकळच होती, त्यामुळे मीही भांडायला हे लिहीत नाहीये. जागा निघतात हे खरंच आहे. मी बॉटनीत पीएचडी केलीय, इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पोराला झोपवलं की रात्री मोबाइलवर त्याच जाहिराती चाळत बसते. पण काका, त्यातली एखादी जाहिरात पूर्ण वाचून बघा आणि मला सांगा, की ही नोकरी किती दिवसांची आहे, हातात किती पडणार आहेत आणि ती खरंच रिकामी आहे का. नाही सांगता येणार. मलाही येत नाही, आणि मी तर ह्याच धंद्यात आहे.

ज्यांच्या घरात कुणी ह्या वाटेला गेलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पीएचडी झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी लॅबमध्ये दोन-तीन वर्षं पूर्णवेळ संशोधन करायचं, त्याला पोस्टडॉक म्हणतात. त्यात शिरायला दोन दारं आहेत. एक, आपणच प्रोजेक्ट लिहायचा, आपल्याला घ्यायला तयार असलेला मेंटॉर शोधायचा आणि दिल्लीला अर्ज करायचा. सायन्सवाल्यांची ती नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप, आधी केंद्राच्या एसईआरबी ह्या संशोधन मंडळाकडे होती, २०२३ च्या कायद्यानंतर त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे गेली, दोन वर्षं मिळते आणि शिवाय केमिकल, प्रवास वगैरेसाठी वर्षाला दोन लाख. मराठी, इतिहास, समाजशास्त्रवाल्यांसाठी यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने फेलोशिप काढली. हे दार अवघड आहे, स्पर्धा देशभराची आहे, पण नियम निदान छापील आहेत, सगळ्यांना सारखे आहेत, निकाल लागला की लागला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरं दार म्हणजे एखाद्या प्रोफेसरांना सरकारकडून प्रोजेक्ट मंजूर झालाय, त्यात एका रिसर्च असोसिएटची किंवा पोस्टडॉकची जागा धरलीय, आणि विद्यापीठ त्याची जाहिरात काढतं. काका म्हणतात त्या बाराही महिन्यांच्या जागा त्या ह्या. मला ह्याच जाहिरातींबद्दल बोलायचंय.

तर पैशापासून सुरू करते, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. केंद्राच्या विज्ञान खात्याने जून २०२३ मध्ये दर वाढवले, जानेवारी २०२३ पासून लागू. पहिल्या पायरीच्या रिसर्च असोसिएटला महिना ५८,०००, दुसऱ्याला ६१,०००, तिसऱ्याला ६७,०००, वर घरभाडे भत्ता. त्याआधी २०१९ चे दर होते, ४७,००० पासून सुरू. आता जाहिरातीत काय लिहिलेलं असतं? 'मानधन नियमानुसार'. अहो पण कुठल्या नियमानुसार? प्रोजेक्ट जर २०२३ च्या आधी मंजूर झालेला असेल तर वाढीव रक्कम त्या फंडात आली का, आली नसेल तर फरक कोण देणार, की जुन्याच दराने सही करून घेणार, काहीच कळत नाही. आणि घरभाड्याचं तर विचारूच नका. केंद्राच्या यादीत पुणं वरच्या वर्गात आहे, हल्ली तिथे ३० टक्के मिळतात आणि आपलं नाशिक मधल्या वर्गात, २० टक्के. म्हणजे ५८,००० वर पुण्यात १७,४०० रुपये झाले. नाशिकचं घर ठेवून पुण्यात खोली घेणाऱ्या बाईला ह्या १७,४०० वर जायचं की नाही ते ठरवायचं असतं, कारण तेवढ्यातच तिथलं भाडं आणि डबा बसवायचाय. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये घरभाडं धरलंय की नाही ते प्रोफेसरांना माहीत असतं, अकाउंट्स सेक्शनला माहीत असतं. मग जाहिरातीत लिहायला काय हरकत आहे? मी एकदा फोन करून विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, 'मॅडम, आधी सिलेक्शन तर होऊ द्या.'

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे ती महिन्यांची. जाहिरातीत लिहितात 'प्रकल्प कालावधी ३ वर्षे'. वाचणाऱ्याला वाटतं तीन वर्षांची सोय झाली. पण ते तीन वर्षांचं घड्याळ मंजुरीच्या तारखेला सुरू झालेलं असतं. मंजुरीचं पत्र आलं, मग पैशाचा पहिला हप्ता, मग खातं उघडणं, मग जागा भरायची परवानगी, मग कमिटी, कमिटीवरच्या एका मोठ्या साहेबांची तारीख मिळेना, मग मधे निवडणूक आली, आचारसंहिता लागली, असं करत करत जाहिरात निघते तेव्हा वर्ष-दीड वर्ष उलटून गेलेलं असू शकतं. आणि तळाला एक ओळ ठरलेलीच, 'प्रकल्प संपताच नियुक्ती आपोआप संपुष्टात येईल.' कायद्याने बरोबर आहे. फक्त प्रकल्प कधी संपतोय ती तारीख तेवढी लिहायची राहते.

हे माझ्या विषयात किती महागात पडतं ते सांगते. माझं काम द्राक्षावरच्या डावणी रोगावर. नाशिककरांना डावणी काय ते सांगायला नको, ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे निघाले आणि नेमका तेव्हा पाऊस लांबला की पानावर तेलकट डाग दिसतात, पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी, आणि दोन-चार दिवसांत घडापर्यंत गेली की शेतकऱ्याचं वर्ष गेलं. आता ही डावणी लॅबमधल्या प्लेटमध्ये तयार खाद्यावर (मिडियावर) वाढत नाही. बाकीच्या बऱ्याच बुरश्या वाढतात, ही नाही, हिला जिवंत पानच लागतं. त्यामुळे मी पीएचडीच्या वेळी पहाटे स्कूटीवर दिंडोरीकडे जायचे, बागेतून पानं काढायची, ओल्या टिश्यूत गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवायची आणि तशीच कॉलेजात आणून त्याच दिवशी कामाला घ्यायची. एक शेतकरीदादा पानं द्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, 'मॅडम, पानं न्या हवी तेवढी, पण औषध कुठलं मारू ते सांगून जा.' सांगायचा मुद्दा, ह्या कामाचा सीझन वर्षातून एकदाच येतो. समजा असल्या एखाद्या प्रोजेक्टची जागा भरली फेब्रुवारीत आणि महिने उरलेत चौदा, तर पोस्टडॉकच्या वाट्याला सीझन येतो एकच. तो कोरडा गेला, डावणी आलीच नाही, तर डेटा शून्य आणि पेपरही शून्य. शेतकऱ्याला आनंद, आपली पंचाईत! चौदा महिने आहेत हे आधी माहीत असतं तर माणूस एकतर जात नाही, किंवा गेला तरी तेवढ्यात बसेल असं काम आखून जातो. छत्तीस समजून गेला की फसतो.

आणि मग मुलाखत. 'उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह सकाळी दहा वाजता उपस्थित राहावे, प्रवासखर्च दिला जाणार नाही.' जाहिरात वेबसाइटच्या कुठल्या तरी कोपऱ्यात, रिसर्चच्या खाली, नोटीसच्या खाली, पीडीएफमध्ये, आणि ती पण स्कॅन केलेली, म्हणजे शोधून सापडणारच नाही, मैत्रिणीने व्हॉट्सअॅपवर टाकली तर कळतं. तोवर चार दिवस उरलेले. दहाला पुण्यात कागद घेऊन हजर राहायचं म्हणजे नाशिकहून पहाटेच निघायला लागतं, सिन्नर-संगमनेर होईपर्यंत बरं चाललेलं असतं आणि चाकणला गाडी अडकली की ड्रायव्हरलाही सांगता येत नाही कधी सुटेल. गंमत बघा, ह्याच रस्त्यावर राजगुरुनगरला देशाचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, आणि द्राक्षाचं राष्ट्रीय केंद्र त्याच्याही पुढे, पुण्याला मांजरीत. कांदा आमच्या लासलगावात, द्राक्ष आमच्या निफाड-दिंडोरीत आणि नोकरीला पुण्याची वाट धरायची! असो, हे बोलायला लागले तर पत्र संपायचं नाही.

मागच्या वर्षी अशाच एका विद्यापीठात, नाव घेत नाही, मी मुलाखतीला गेले होते. डिपार्टमेंटच्या पॅसेजमध्ये आम्ही आठ-दहा जण फायली मांडीवर घेऊन बसलेलो, कुणी सोलापूरहून आलेलं, कुणी नांदेडहून रात्रभर प्रवास करून. आमच्यातच एक मुलगी होती, शांत, कुणाशी जास्त बोलत नव्हती. सव्वादहाला ती उठली, पर्समधून किल्ली काढली, समोरच्या लॅबचं कुलूप उघडलं, आत गेली, इन्क्युबेटरचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहिलं आणि परत येऊन आमच्या शेजारी बसली. शिपाईकाकांनी तिला नावाने हाक मारून विचारलं, 'चहा आता सांगू का सर आल्यावर?' आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. नांदेडचा मुलगा हळूच म्हणाला, 'ताई, मुलगी ठरलेलीय, आपण उगीच पोहे खायला आलो.' माझ्या मुलाखतीत मला जेमतेम दोन प्रश्न विचारले, त्यातला एक 'नाशिकहून रोज येणं जमेल का' असा होता. निकाल त्या मुलीचाच लागला.

ती लायक नव्हती असं मी अजिबात म्हणत नाहीये. दोन वर्षं तीच त्या लॅबमध्ये राबत असणार, मशीन तिला माहीत, काम तिला माहीत, मी प्रोफेसर असते तर मीही तिलाच घेतलं असतं. पण नियमाप्रमाणे जाहिरात काढावीच लागते, कमिटी बसवावीच लागते, म्हणून मग बाकीच्यांना बोलवायचं, हे कुठलं गणित? त्यापेक्षा नियमच असा करा की प्रोजेक्टमध्ये आधीपासून काम करणाऱ्याला पीएचडी झाल्यावर सरळ वरच्या जागेवर घेता येईल, उघडपणे, कारण लिहून. नाहीतर निदान जाहिरातीत एक ओळ टाका, 'सध्या प्रकल्पात कार्यरत उमेदवारही अर्ज करणार आहेत.' मग ज्याला जायचंय तो विचार करून जाईल. आणि पहिली फेरी ऑनलाइन घ्या हो. कोविडमध्ये सगळ्यांनी घेतली होती, व्हायवासुद्धा ऑनलाइन झाल्या, तेव्हा चाललं ना?

प्रोफेसर लोकांची बाजूही मी बघितलीय, माझ्या गाईडचा प्रोजेक्ट होता तेव्हा. वर्षाच्या शेवटी खर्चाचा हिशोब आणि यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचं प्रमाणपत्र, पाठवायचं, ते दिल्लीत कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं की पुढचा हप्ता अडकतो, आणि इकडे प्रोजेक्टवरच्या जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) पोराचा पगार दोन-तीन महिने थांबतो. सर बिचारे तेव्हा स्वतःच्या खिशातून त्याला खोलीभाड्याला पैसे द्यायचे आणि वर त्यालाच समजवायचे. तेव्हा सगळं खापर पीआयवर, म्हणजे प्रोजेक्ट चालवणाऱ्या प्रोफेसरांवर, फोडण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच म्हणते, उशीर होतो हे त्यांना माहीत आहे ना, मग तेही येणाऱ्याला आधी कळू द्या. माणूस दोन-तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवून येईल.

वयाचं एक सांगायलाच हवं. त्या नॅशनल फेलोशिपला अट ३५ वर्षांची, बायकांना आणि आरक्षित वर्गाला पाच वर्षांची सूट. दिल्लीत बसून बघितलं तर ठीक आहे. पण आमच्याकडे एमएस्सी झाली की आधी सेट-नेटमध्ये दोन-तीन वर्षं जातात, मग सीएचबी, मग लग्न, मग दिवसभर तास घेऊन उरलेल्या वेळात पीएचडी. यूजीसीचा २०२२ चा नियमच पीएचडीला सहा वर्षं देतो, बायकांना वर आणखी दोन वर्षं आणि २४० दिवसांची रजा, म्हणजे उशीर होणार हे यूजीसीलाही मान्य आहे. मग पीएचडी हातात येते तेव्हा वय झालेलं असतं सदतीस-अडतीस, आणि ओपनमधल्या पुरुषांचं तर दार केव्हाच बंद झालेलं असतं. राहतात त्या प्रोजेक्टच्या जागा, ज्यांची तारीख कुणी सांगत नाही. आणि हो, मातृत्व रजा विज्ञान खात्याच्या नियमात रिसर्च असोसिएटलाही आहे, ती मात्र मी अजून एकाही जाहिरातीत छापलेली बघितली नाही. ज्या वयात आम्ही पोस्टडॉकला येतो त्या वयात हीच ओळ बाई सगळ्यात आधी शोधते.

'मग कशाला करायचं पोस्टडॉक' असं माझे सासरे पण विचारतात, नोटप्रेसमधून रिटायर झालेत, त्यांना पर्मनंट नसलेली नोकरी म्हणजे नोकरीच वाटत नाही. त्यांना मी कारण सांगते ते इथेही सांगते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरच्या शॉर्टलिस्टला शिकवण्याचा किंवा पोस्टडॉकचा अनुभव वर्षाला दोन गुण असा धरतात, जास्तीत जास्त दहा. त्यात पेपर निघाले तर त्याचे वेगळे. म्हणजे कागदावर दोन्ही सारखंच, पण सीएचबीवर माझं वर्ष मोडून मोडून येतं, सुट्टीत पैसे नाहीत, नव्या वर्षी परत ऑर्डरची वाट बघा, आणि लॅबला हात लागत नाही तो नाहीच. मायक्रोस्कोप आमच्या डिपार्टमेंटला आहे, चांगला आहे, पण तो प्रॅक्टिकलच्या पोरांसाठी. मला खरं सांगायचं तर गुणांपेक्षा त्या डावणीचंच जास्त वाटतं, दर ऑक्टोबरला.

आता मागणी. विद्यापीठांनी प्रोजेक्टच्या प्रत्येक जाहिरातीच्या वरच, अगदी पहिल्या चार ओळीत, पैसा कुठल्या खात्याचा आहे, प्रोजेक्ट कोणत्या तारखेला मंजूर झाला आणि कोणत्या तारखेला संपतो, महिना रुपये किती आणि घरभाडं आहे की नाही, एवढं छापावं. ह्याला ना पैसे लागतात ना नवीन जीआर, सगळी माहिती मंजुरीच्या एका पत्रावर असते. आणि मुलाखतीला निदान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, तीही जाहिरात वेबसाइटवर दिसायला लागल्यापासून, सही झाल्याच्या तारखेपासून नको.

संपादक साहेब, थोडं तुमच्याकडेही. आपल्या पेपरच्या नोकरीच्या पानावर पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, बँक सगळं येतं, येऊ द्या, वाचणारे खूप आहेत. पण कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आपल्या पेपरात येतं ते फक्त थंडीत, निफाडचा पारा किती उतरला ते छापायला! तिथे काय काम चालतं, पिंपळगाव बसवंतच्या कांदा-द्राक्ष केंद्रात काय चालतं, चितेगावच्या संशोधन केंद्रात काय चालतं, तिथे कुणाची भरती आहे का, ह्यावर ओळ नाही. नाशिक जिल्ह्यात पीएचडी झालेली माणसं कमी नाहीत, आरोग्य विद्यापीठ इथे, मुक्त विद्यापीठ इथे, कॉलेजांची रिसर्च सेंटर्स इथे. त्यांच्यासाठी आठवड्याला एक छोटी चौकट द्या, पुणे, मुंबई, राहुरी, जळगाव, नाशिक इथल्या संशोधनाच्या जागांची. गोळा करायला माणूस नाही म्हणाल तर मी करते, दर गुरुवारी रात्री मेल करेन, मानधन नको. माझी एकच विनंती राहील, ज्या जाहिरातीत प्रोजेक्ट संपायची तारीख दिलेली नसेल तिच्यापुढे कंसात तेवढं छापा, 'कालावधी कळवलेला नाही'.

आपली,
एक सीएचबी प्राध्यापिका
इंदिरानगर, नाशिक